आजीची नजर

मोडनिंबच्या दवाखान्यात नातवंडाला घेऊन येणाऱ्या आजींना मी प्रथम विचारतो, ‘बाळ तुमच्याकडे पाहून हसते का?’ हे हसू साधारण दोन महिन्यांत उमटते. चौथ्या महिन्याअखेर बाळ मान धरते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे.

थोडे मागेपुढे होणे स्वाभाविकच. परंतु चार महिने उलटूनही मान लटकत असेल किंवा मोठ्या आवाजाला बाळ दचकत नसेल, तर ‘याच्या बापानेही उशिराच मान धरली’ म्हणत थांबू नये. मेंदूची वाढ वेगाने होत असते, तोवर उपचारांचा लाभ अधिक. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी मोफत होते, आशाताईंना विचारावे.

आजीची शंका मी हसण्यावारी नेत नाही. दिवसभर बाळ तिच्याच मांडीवर असते.