दुसऱ्या क्रमांकाचे नाव : आधी की निकालानंतर?

भोपाळच्या शिवाजी नगरात ‘इंदिरा भवन’ हे मध्य प्रदेश काँग्रेसचे मुख्यालय आहे. २०१८ मध्ये पंधरा वर्षांच्या खंडानंतर या वास्तूत सत्तेचा गुलाल उधळला गेला आणि अवघ्या पंधरा महिन्यांत तो पुसलाही गेला. या उलथापालथीमागे भारतीय राजकारणात नेहमी टाळला जाणारा एक प्रश्न होता. प्रथम क्रमांकाचा नेता ठरवताना दुसऱ्या क्रमांकाचे काय करायचे आणि ते मतदारांना केव्हा सांगायचे, हा तो प्रश्न. गोवा विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपत असल्याने येथील पक्षांनाही त्यास सामोरे जावे लागणार आहे.

अमेरिकेत अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांची जोडी मतपत्रिकेवर एकत्र असते. तरीही पक्षांतर्गत प्राथमिक लढती संपून उमेदवारी पक्की होईपर्यंत सहउमेदवाराचे नाव जाहीर न करण्याची तेथील रीत आहे. ती मोडणाऱ्यांचा अनुभव बोलका आहे. १९७६ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी पक्षाच्या अधिवेशनाआधीच पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर रिचर्ड श्वायकर यांचे नाव घोषित केले. मवाळ गटाची मते ओढण्याचा हा डाव होता. प्रत्यक्षात रेगन यांचे कडवे समर्थकच दुखावले आणि जेराल्ड फोर्ड १,१८७ विरुद्ध १,०७० मतांनी उमेदवार ठरले. २०१६ मध्ये टेड क्रूझ यांनी २७ एप्रिल रोजी कार्ली फिओरिना यांना सोबत घेतले. ३ मे रोजी इंडियानात पराभव होताच त्यांनी माघार घेतली. दोघेही पिछाडीवर असताना हा मार्ग चोखाळत होते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. आघाडीवरचा उमेदवार सहसा आपले पत्ते इतक्या लवकर उघड करीत नाही.

आपल्याकडे मतपत्रिकेवर अशी जोडी नसते. किंबहुना, उपमुख्यमंत्री हा शब्दच राज्यघटनेत नाही. अनुच्छेद १६४ मुख्यमंत्री आणि मंत्री एवढेच जाणतो. उपमुख्यमंत्री हा मूलतः मंत्रीच असून हे नामाभिधान घटनाबाह्य ठरत नाही, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने या नियुक्त्यांविरुद्धची याचिका १२ फेब्रुवारी २०२४ रोजी फेटाळली. म्हणजे या पदाला स्वतःचे अधिकार नाहीत. त्याचे मोल राजकीय संकेतात आहे. मध्य प्रदेशात हा संकेत जुना आहे. १९६७ मध्ये गोविंद नारायण सिंह यांच्या संयुक्त विधायक दल सरकारात वीरेंद्रकुमार सखलेचा उपमुख्यमंत्री होते, तर १९९८ नंतर दिग्विजय सिंह यांच्या मंत्रिमंडळात जमुना देवी.

२०१८ मध्ये काँग्रेसने एप्रिलमध्ये कमलनाथ यांना प्रदेशाध्यक्ष आणि ज्योतिरादित्य शिंदे यांना प्रचार समितीचे प्रमुख केले. दोन चेहरे समोर होते. मात्र मुख्यमंत्री कोण आणि दुसऱ्याचे स्थान काय, हे अखेरपर्यंत झाकलेले राहिले. ११४ जागा मिळाल्यावर १७ डिसेंबर रोजी कमलनाथ यांचा शपथविधी झाला. शिंदे यांच्या वाट्याला ना उपमुख्यमंत्रिपद आले ना प्रदेशाध्यक्षपद. १० मार्च २०२० रोजी त्यांनी पक्ष सोडला, त्यांच्यामागे २२ आमदारांनी राजीनामे दिले आणि २० मार्चला सरकार गेले. जोडीच्या बळावर मते मागितली होती. सत्तेचा करार मात्र त्या जोडीत झालाच नव्हता.

भारतीय जनता पक्षाने २०२३ मध्ये उलट टोक गाठले. मुख्यमंत्रिपदाचा उमेदवारच जाहीर न करता केंद्रीय मंत्र्यांनाही विधानसभेच्या रिंगणात उतरवले. १६३ जागा जिंकल्यानंतर ११ डिसेंबर रोजी भोपाळमध्ये मोहन यादव यांचे नाव पुढे आले; सोबत मंदसौर जिल्ह्यातील जगदीश देवडा आणि रिवाचे राजेंद्र शुक्ल उपमुख्यमंत्री झाले. इतर मागासवर्गीय, दलित आणि ब्राह्मण असा समतोल एका बैठकीत साधला गेला. ही शिस्त बहुमत भक्कम आणि केंद्रीय नेतृत्व निर्विवाद असेल तरच शक्य असते. शिवाय, मतदाराने ज्याला कौल दिला तो कोण, हे त्याला मतदानानंतर कळले, हा आक्षेप उरतोच.

आधी जाहीर करणे हाच मग उपाय का? बिहारने २०२५ मध्ये त्याची परीक्षा घेतली. महागठबंधनाने २३ ऑक्टोबर रोजी तेजस्वी यादव यांना मुख्यमंत्रिपदाचे, तर विकासशील इन्सान पक्षाचे मुकेश सहनी यांना उपमुख्यमंत्रिपदाचे उमेदवार घोषित केले. निषाद समाजाला संदेश गेला. त्याचबरोबर मुस्लिम उपमुख्यमंत्री का नाही, हा प्रश्नही उभा राहिला. निकालात आघाडीला ३५ जागा मिळाल्या आणि सहनी यांच्या पक्षाला एकही नाही. पराभवाची कारणे अनेक होती, हे मान्य करूनही एक गोष्ट स्पष्ट दिसते : एकाला पद जाहीर केले की न मिळालेल्यांची यादीही आपोआप जाहीर होते.

पद दिल्याने असंतोष मिटतोच, असेही नाही. राजस्थानात सचिन पायलट २०१८ पासून उपमुख्यमंत्री होते, तरी जुलै २०२० मध्ये त्यांनी बंडाचा पवित्रा घेतला. पदनाम मिळाले, पण निर्णयात वाटा मिळाला नाही, तर नाराजी फक्त लांबणीवर पडते.

गोव्याचा अनुभव याहून तीव्र आहे. १९ मार्च २०१९ च्या मध्यरात्रीनंतर डॉ. प्रमोद सावंत यांचा शपथविधी झाला, तेव्हा मगोचे सुदिन ढवळीकर आणि गोवा फॉरवर्डचे विजय सरदेसाई यांना उपमुख्यमंत्री करण्यात आले. मगोचे दोन आमदार भाजपमध्ये विलीन होताच त्याच महिन्यात ढवळीकर यांना वगळून बाबू आजगावकर त्या पदावर आले. जुलैमध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेल्यावर सरदेसाई यांच्या जागी बाबू कवळेकर आले. चार महिन्यांत दोन्ही उपमुख्यमंत्री बदलले आणि यांतील एकाही नियुक्तीसाठी मतदारांना विचारले गेले नव्हते.

त्यामागे अंकगणित आहे. चाळीस सदस्यांच्या विधानसभेत घटनेनुसार मुख्यमंत्र्यांसह बाराच मंत्री होऊ शकतात. खुर्च्या वाढवता येत नाहीत, म्हणून खुर्चीचे नाव मोठे केले जाते. लहान राज्यात दोन-तीन आमदारांचा पक्षही सत्तेचे पारडे फिरवू शकत असल्याने हे नामाभिधान सौद्याचे चलन बनते.

भोपाळ, पाटणा आणि पणजी यांचे अनुभव एकत्र ठेवले, तर नाव आधी की नंतर हा वादच अपुरा ठरतो. मतदाराला व्यक्तीच्या नावापेक्षा अटी ठाऊक असणे अधिक आवश्यक आहे. निवडणूकपूर्व युती करणाऱ्या पक्षांनी नेतृत्व कोणाचे, प्रमुख खाती कोणाकडे आणि मतभेद झाल्यास निर्णय कोण घेणार, एवढे लेखी जाहीर करावे. ज्याच्यामागे स्वतःचे आमदार आहेत अशा सहकाऱ्याचे स्थान तर मतदानापूर्वीच ठरले पाहिजे. ते झाकून ठेवण्याची किंमत काँग्रेसने २०२० मध्ये मोजली. केवळ एखाद्या समाजघटकाला खूश करण्यासाठी अधिकारशून्य पदाची घोषणा करायची असेल, तर ती न केलेली बरी.

येत्या निवडणुकीत युतीच्या व्यासपीठांवर हात उंचावलेल्या नेत्यांची छायाचित्रे पुन्हा दिसतील. त्या हातांमध्ये कोणता करार आहे, हे मतदानाच्या आधी विचारण्याचा अधिकार गोमंतकीय मतदाराने सोडू नये. निकालानंतर हा प्रश्न विचारण्याची संधी त्याला पाच वर्षांनीच मिळते.