सायकलींस वाट हवी

सकाळीं शाळा भरण्यापूर्वींचीं दहा मिनिटें आमच्या फाटकापाशीं उभें राहून कोणीहि पाहावीं. मोटारी, रिक्षा, स्कूटरी व बसगाड्या यांची अशी कांहीं दाटी होते कीं, पायीं येणाऱ्या बालकास आंत शिरण्यास वाट सांपडत नाहीं. या दाटींतून घंटी वाजवीत, एक पाय जमिनीवर टेकीत, आमचे कांहीं विद्यार्थी सायकलीवरून येतात. त्यांची संख्या वर्षानुवर्षें घटत आहे. पालकांस विचारावें तर ते म्हणतात, “रस्त्यावर मोटारी इतक्या झाल्या आहेत कीं, मुलास सायकलीवर सोडण्यास धीर होत नाहीं, म्हणून आम्हीच गाडीनें आणून सोडतों.” म्हणजे मोटारींच्या भयानें आणखी एक मोटार रस्त्यावर येते! सायकलींस रस्त्यावर निराळी वाट द्यावी कीं न द्यावी, हा वाद मोठ्या शहरांत पुष्कळ दिवस चालला आहे. तो आमच्या सातारा-सांगलींतहि व्हावा, असें आम्हांस वाटतें.

पुण्याचा अनुभव या बाबतींत बोलका आहे. पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून सर्वत्र प्रसिद्ध होतें. त्या काळीं सायकलीस नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्रीं दिवा नसल्यास पोलीस हटकी, आणि एका सायकलीवर दोघे बसले तर दंड होई. आमचे वडीलधारे या दंडाच्या गोष्टी अजून हंसत हंसत सांगतात. परंतु ज्या वाहनावर कर बसतो व कायदा चालतो, त्याचा रस्त्यावरील हक्कहि मान्य असतो, हें विसरतां कामा नये. पुढें स्कूटरी आल्या, मोटारसायकली आल्या, आणि तो मान गेला. २००६ सालीं स्वारगेट ते कात्रज या पट्ट्यांत, म्हणजे आमच्याच गांवाचें नांव धारण करणाऱ्या रस्त्यावर, जलद बससेवेबरोबर सायकलींचा मार्गहि आंखण्यांत आला. पण तो सलग नव्हता. कोठें मध्येंच खांब, कोठें फेरीवाल्याची हातगाडी, कोठें उभ्या करून ठेवलेल्या मोटारी. सायकलस्वार तो सोडून मोठ्या रस्त्यानेंच जाऊं लागले, आणि लोक म्हणूं लागले, “पाहा, वाट करून दिली तरी कोणी वापरीत नाहीं!” पुढें २०१७ सालीं महानगरपालिकेनें सबंध शहराचा सायकल-आराखडा मंजूर केला, तरीहि फाटकी वाट शिवून काढण्याचें काम कागदाच्या मानानें फारच मागें राहिलें.

मुंबईंत तर याहून विचित्र प्रकार झाला. वांद्रे-कुर्ला संकुलांत बांधलेले सायकलमार्ग काढून टाकून ती जागा मोटारींस देण्याचें २०२५ सालीं ठरलें. कारण एवढेंच कीं, कोंडी फार होते. विरोधकांचें म्हणणें अगदींच टाकाऊ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. शेजारीं पन्नास माणसांनीं भरलेली बस खोळंबली असतां रिकामी पडलेली वाट पाहून कोणाचाहि जीव तुटेल. परंतु जी वाट घरापासून निघून कामाच्या ठिकाणीं पोंचत नाहीं, ती रिकामीच राहणार. विहीर अर्धी खणावी आणि पाणी लागलें नाहीं म्हणून बुजवावी, यांतला हा न्याय झाला. रस्त्यावरून किती गाड्या गेल्या यापेक्षां किती माणसें गेलीं हें पाहावें, हें तत्त्व केंद्र सरकारनें २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणांत मान्य केलें आहे. तें मुंबईस बहुधा अद्याप पोंचावयाचें आहे.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं उतारावर वसलेला. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे वरच्या रस्त्यानें जा कीं खालच्या, चढ हा आहेच. नाक्यावरील भुयारी मार्ग २०२१ सालीं खुले झाले. परंतु भुयारांतून बाहेर पडलेली मोटार शेवटीं त्याच जुन्या पेठांत शिरते, आणि तेथें दुकानांसमोर गाड्या उभ्या! येथें सर्वत्र निराळे सायकलमार्ग आंखा, असें आम्ही म्हणणार नाहीं, जागाच नाहीं. आम्ही एवढेंच मागतों कीं, शाळा भरतांना व सुटतांना अर्धा अर्धा तास, शाळांकडे जाणाऱ्या रस्त्यांची एक कड उभ्या गाड्यांपासून मोकळी ठेवावी. यास पूल लागत नाहीं, भुयार लागत नाहीं. एक शिपाई आणि थोडा चुना पुरे.

सांगलीची गोष्ट निराळी. कृष्णाकांठचा सपाट मुलूख. सायकलीस याहून सोयीची भूमि कोणती? आमच्यापैकीं पुष्कळांचे आप्त तेथें आहेत. सांगलीहून विश्रामबागेवरून मिरजेस जाणारा रस्ता ही त्या जोडशहरांची धमनी होय. त्यावरून विद्यार्थी जातात, नोकरदार जातात, रुग्णालयांत जाणारे रोगी व त्यांचे नातलग जातात. तिकडे कुपवाडच्या कारखान्यांत जाणारा कामगार भल्या पहांटे सायकल काढतो. एवढ्या लांबीस सलग वाट दिली, तर तिचा उपयोग होईल अशी आमची खात्री आहे. आयर्विन पूल बांधला गेला १९२९ सालीं. त्या वेळच्या रहदारीचा हिशेब आज कसा पुरावा? त्यांत गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे दोन दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर रस्तोरस्तीं दिसूं लागतात. अशा ट्रॉलीशेजारून, दप्तर पाठीवर घेऊन, दहा-बारा वर्षांचें मूल सायकल हांकतें, हें दृश्य ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस आमचें म्हणणें पटविण्याची गरज नाहीं.

सायकलीचें नांव काढलें कीं लोक हॉलंडचा दाखला देतात व तो देश मुळांतच तसा आहे असें समजतात. तसें नाहीं. तेथेंहि मोटारींनीं सायकलींस हुसकून लावलें होतें. १९७१ या एका वर्षांत तेथें रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. तेव्हां आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईनें सरकारचेहि डोळे उघडले. मग हळूहळू वाटा झाल्या.

एक अप्रिय गोष्टहि लिहिली पाहिजे. आमचे कांहीं मोठे विद्यार्थी वडिलांची मोटारसायकल घेऊन शाळेच्या जवळच्या गल्लींत ती लपवून ठेवतात. आम्हांस ती गल्ली ठाऊक आहे! २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अज्ञान मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. ज्या पालकांनीं प्रेमानें चावी दिली, त्यांनीं हें एकदां वाचावें.

आणि आमच्या स्वतःच्या अंगणाचें काय? फाटकाजवळची सावलीची जागा मोटारींस, आणि सायकली मागें नळापाशीं चिखलांत, अशी आजची व्यवस्था आहे. येत्या वर्षीं ही अदलाबदल व्हावी असा विनंतिअर्ज आम्हीं चालकांकडे दिला आहे. उत्तर आल्यावर पुढील अंकांत छापूं.