तेल, थंड तळी आणि कुजणारी पाने



ऑक्टोबरात स्टेट कॉलेजच्या भोवतीचे डोंगर लाल-पिवळे होतात, आपण हौसेने फोटो काढतो आणि मग ती पाने गळून ओढ्यांत, तळ्यांत पडतात. पुढे त्यांचे काय होते? पाण्यातली बुरशी आणि जिवाणू त्यांना मऊ करतात, मऊ पाने किडे खातात आणि ते किडे स्प्रिंग क्रीकमधला ट्राउट मासा खातो. कुजणे म्हणजे पाण्यातला स्वयंपाकच म्हणा ना!

थंडीत हा स्वयंपाक मंद आचेवर चालतो. ढोबळमानाने तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले की सूक्ष्मजीवांचा वेग निम्म्यावर येतो. त्यात तेल सांडले तर?

"तेल खाणारे जिवाणू असतातच की, निसर्ग साफ करेल," असे बऱ्याचदा ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. असे जिवाणू असतात. आपल्या आनंद चक्रवर्तींनी तर प्रयोगशाळेत तसा एक घडवला आणि १९८० साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्याचे पेटंट मान्य केले. पण तेलात कार्बन भरपूर, नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळजवळ नाहीच. ते आणि प्राणवायू जिवाणू पाण्यातूनच घेतात, आणि पाने कुजवणाऱ्यांनाही नेमके तेच हवे असते. एकाच सर्व्हरवर दोन जड प्रोग्रॅम चालवावेत तशी गत! शिवाय गार पाण्यावरून तेलातले विषारी हलके घटक लवकर उडून जात नाहीत, आणि वर बर्फ असेल तर हवाही आत जात नाही.

१९८९ साली अलास्कात एक्झॉन व्हाल्डीझ जहाजाचे तेल सांडले, तेव्हा किनाऱ्यावर खत टाकून जिवाणूंना मदत केली गेली. तळ्यात तोच उपाय केला तर शेवाळ माजण्याची भीती.

हे सगळे आजच सांगायचे कारण म्हणजे मिशिगनमधली 'लाइन ५'. एनब्रिज कंपनीची ही पाइपलाइन १९५३ पासून मिशिगन आणि ह्युरॉन सरोवरांमधल्या सामुद्रधुनीच्या तळाशी आहे. २०१८ मध्ये एका जहाजाच्या नांगराने तिला पोचे पडले. २०२० मध्ये राज्य सरकारने ती बंद करण्याचा आदेश दिला, कंपनी कोर्टात गेली. तळाखालून बोगदा खणून त्यात नवी पाइप टाकावी, असा कंपनीचा प्रस्ताव आहे. बाजू दोन्ही आहेत: तिथल्या बऱ्याच घरांच्या हीटिंगचे प्रोपेन याच मार्गाने येते.

पण याच कंपनीची दुसरी लाइन जुलै २०१० मध्ये कालामाझू नदीजवळ फुटली, तेव्हा अलार्म वाजूनही ती फुटल्याचे कळायला १७ तास लागले. आठ लाख गॅलनहून अधिक तेल सांडले. त्यातले बरेचसे तळाच्या गाळात बसले आणि तो गाळ उपसण्याचे काम २०१४ पर्यंत चालले. जिवाणूंवर सोडून भागले नाही.

आपले पेनसिल्व्हेनियाही यात मागे नाही. १८५९ साली टायटसव्हिलला तेलाची विहीर लागली, आणि तेव्हापासूनच्या हजारो बेवारस विहिरी अजून बुजवायच्या आहेत.

तेव्हा मंडळी, पाइपलाइनची चर्चा निघाली की एक प्रश्न जरूर विचारा: "जानेवारीत, बर्फाखाली फुटली तर?" आणि हो, गाडीचे जुने ऑइल रस्त्याकडेच्या गटारात ओतू नका, ऑटो पार्ट्सची बरीच दुकाने ते परत घेतात.