पाण्याचें शास्त्र आणि आमच्या विहिरी

विद्यापीठांत जलशास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकांस आज पाठांचा तोटा राहिलेला नाहीं. २००३ सालीं हातीं घेतलेल्या एनपीटेल योजनेंतून आय.आय.टी. व बंगळूरची विज्ञानसंस्था यांचीं व्याख्यानें इंटरनेटवर कोणासही विनामूल्य मिळतात. त्यांत जलशास्त्राचींही आहेत. या उपक्रमाचें आम्ही स्वागतच करतों. आमचा प्रश्न एवढाच कीं, यांतील किती विद्या जुन्नर-आंबेगांवच्या विहिरीपर्यंत पोंचते?

भूजलाचें पुस्तकी गणित मुख्यतः वाळूवर उभें आहे. डार्सी यानें आपला नियम १८५६ सालीं फ्रान्सांत वाळूच्या नळांतून पाणी सोडून बसविला. थाइस याचें १९३५ चें सूत्रही चोहोंकडे एकसारखा पसरलेला थर गृहीत धरतें. आमच्या पायाखालीं मात्र काळा पाषाण आहे. त्यांत पाणी राहतें तें मुरुमांत, भेगांत व थरांच्या सांध्यांत. म्हणूनच बांधाअलीकडची विहीर मेअखेर पाणी देते आणि पलीकडची फेब्रुवारींतच तळ दाखविते. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो, तर बेल्ह्याकडे तो बेताचाच पडतो; त्यांत कुकडीच्या कालव्यांचा पाझर मिसळतो तो निराळाच. कोणतें पाणी पावसाचें व कोणतें कालव्याचें, हें उकलून दाखविणारा पाठ आम्हांस हवा आहे.

तो नाहीं म्हणून शेतकरी पाणाड्याच्या नारळावर भरंवसा ठेवतो, बोअरमागें बोअर घेतो आणि कर्जांत रुततो. दोष केवळ त्याच्या अज्ञानाचा नव्हे; शास्त्रानें त्याच्या विहिरीकडे पाहिलेंच नाहीं, हाही आहे.

राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ पासून काम करीत असून तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां मोजली जाते. या नोंदी घेऊन अध्यापकांनीं आमच्याच खडकाचे पाठ मराठींत रचावे व ते सर्वांस खुले ठेवावे. शिकलेला पदवीधर उद्यां बांधावर येईल, तेव्हां त्याला आमच्याशीं बोलतां आलें पाहिजे.

परंतु चार वेळांच्या मोजणीनें सारें कळत नाहीं. येथें आपलें कर्तव्य येतें. दर महिन्याच्या ठराविक तारखेस, सकाळीं पंप सुरू करण्यापूर्वीं, कठड्यापासून पाणी किती खोल आहे तें दोरीनें मोजावें व वहींत लिहावें. अशा शंभर वह्या जवळच्या महाविद्यालयास दिल्या, तर त्यापरता उत्तम पाठ कोणता? वाचकांनीं येत्या महिन्यापासूनच आरंभ करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.