गुडगुडीचे पाणी कोण बदलत होते?

आमच्या समीक्षेला गुडगुडी दिसते ती केवळ ऐश्वर्याचे प्रतीक म्हणून. कादंबरीतला सरदार लोडाला टेकून नळी ओठांशी नेतो आणि आम्ही प्राध्यापक समासात ‘सरंजामी विलास’ असे लिहून मोकळे होतो. पण त्या भांड्यातले पाणी पिवळे पडते, नासते. नळीत चिकटा साचतो. ते पाणी ओतून देणारा, नळीत तार फिरवणारा हुकेबरदार कथानकात आला तरी नेपथ्यापुरता. समीक्षेत तर तेवढाही नाही.

१९४८ पर्यंत बीड आणि बीदर हे दोन्ही जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. बीदरच्या कारागिरांनी जस्ताच्या मिश्रधातूवर चांदी जडवून घडवलेली हुक्क्याची भांडी आज लंडनच्या संग्रहालयात काचेआड लकाकतात. कौतुक रास्तच, पण ती लकाकी राखणारे हात त्या काचेआड नाहीत.

याउलट लिंबागणेशसारख्या गावातल्या पारावरची चिलीम पाहावी. ओढणाराच खडा काढून खरवडतो, छापी धुऊन पिळतो. भोग आणि निगा एकाच हाती.

यात व्यसनाचे उदात्तीकरण होते, असा आक्षेप येईल. तो आम्हांला मान्य नाही. पाण्यातून आलेला धूर निरुपद्रवी नसतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये बजावले. चिकटा खरवडणाऱ्याच्या नखांत ही साक्ष कधीपासूनच होती. ती वाचायला आमच्या अभ्यासक्रमाने शिकवले नाही. विद्यार्थ्यांनी ‘विलास’ हा शब्द लिहिण्यापूर्वी एवढेच विचारावे: पाणी कोणी बदलले?