घर एकाचे, रस्ता सर्वांचा

मुंबईच्या ओव्हल मैदानावर उभे राहून सभोवार पाहणाऱ्यास दोन युगे समोरासमोर दिसतात. पूर्वेस १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई मनोरा आणि त्याच वर्षी पूर्ण झालेली उच्च न्यायालयाची इमारत; टोकदार कमानी, कोरीव खांब, उंच शिखरे. पश्चिमेस समुद्र हटवून मिळविलेल्या भूमीवर १९३० च्या दशकात उभी राहिलेली घरे. गोलाकार सज्जे, साध्या सरळ रेषा. ही घरे त्या काळी अगदी नवी होती. परंतु ती बेताच्या उंचीने, एका रांगेत उभी राहिली. समोरच्या मनोऱ्याचे वैभव त्यांच्यामुळे उणावले नाही. २०१८ साली या दोन्ही बाजूंच्या वास्तूंना मिळून जागतिक वारशाचा मान मिळाला.

असा मेळ आपोआप टिकत नाही. १९९५ साली मुंबईत वारसा-नियम लागू झाले. जुन्या वास्तूंचे महत्त्वानुसार तीन वर्ग पाडण्यात आले. पहिल्या वर्गातील वास्तूत जपणुकीसाठी आवश्यक तेवढाच बदल करता येतो. दुसऱ्या वर्गात आतील फेरफारांस काही मोकळीक आहे. तिसऱ्यात त्याहून अधिक. एके काळी तटबंदीच्या आत असलेल्या फोर्ट विभागात कोणी मोठे बांधकाम योजिले, तर महानगरपालिका त्याचे नकाशे तपासते. वास्तुशिल्पी, अभियंते व इतिहासाचे जाणकार यांची वारसा समिती महापालिका आयुक्तांना सल्ला देते. नवी इमारत शेजारच्या वास्तूंना दडपून टाकणार नाही ना, तिचा दर्शनी भाग रस्त्याशी विसंगत नाही ना, हे त्या वेळी पाहिले जाते.

“घर माझे, पैसा माझा, मग इतरांना का विचारावे?” असे कोणी म्हणेल. हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. जुन्या भागातील कित्येक इमारती जीर्ण झाल्या आहेत. पावसाळ्यात गळक्या छताखाली राहणाऱ्यास कमानींच्या सौंदर्याची महती सांगणे ही क्रूर थट्टाच होय. म्हणून तपासणाऱ्यांवरही बंधने हवीत. निर्णय वेळेत व्हावा, नकाराचे कारण स्पष्ट सांगावे, आणि जी शोभा सर्वांची म्हणून जपायची, तिच्या दुरुस्तीचा भार एकट्या रहिवाशावर टाकू नये.

मात्र तपासणीच नको, असे म्हणणे योग्य नव्हे. घराच्या आत कसे राहावे हा त्या कुटुंबाचा प्रश्न आहे. पण घराचे तोंड रस्त्याकडे असते आणि रस्त्याने सारे गाव चालते. पंगतीत नवा पाहुणा आला की सारे सरकून त्याला जागा देतात. पाहुण्यानेही दोघांची जागा अडवून बसू नये. नव्या इमारतीची रीत याहून वेगळी नाही. पाडलेल्या जागी दुसरी इमारत उभारता येते, पण गेलेली शंभर वर्षे परत आणता येत नाहीत. म्हणून कुदळ उचलण्यापूर्वी क्षणभर थांबून विचार करणे हेच शहाणपणाचे.

ओव्हलच्या पश्चिमेची घरे एके काळी नवी होती; आज तीच जपण्याजोगी ठरली आहेत. आज केवळ नकाशावर असलेल्या इमारतीलाही उद्या असाच मान मिळावा, यासाठीच ही तपासणी असते.