आधी ऊन, मग ‘गारवा’

एप्रिलची दुपार. फर्स्ट शिफ्ट सुटलीय, बसचा पत्ता नाही, हेल्मेटमध्ये डोकं शिजतंय. आकुर्डीकरांनो, सीन ओळखीचा आहे ना? अशा वेळी पावसाची गाणी ऐका असं कुणी सांगितलं तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. काढा! पण ‘गारवा’ ऐकायची खरी वेळ हीच.

कारण हा अल्बम पावसापासून सुरू होतच नाही. आधी सौमित्र कविता म्हणतो. म्हणतो कसला, शेजारी बसून सांगतो. उकाडा, घाम, ओढत नेलेली पावलं... मग कुठूनसा एक ढग सूर्यासमोर येतो, वारा सुटतो आणि तेव्हा कुठे मिलिंद इंगळेचा आवाज येतो. गाणं आपल्याला थांबायला लावतं. म्हणूनच ते आल्यावर एवढं बरं वाटतं.

सौमित्र म्हणजे अभिनेता किशोर कदम. ‘फँड्री’मधला (२०१३) जब्याचा बाप, तोच! इंगळेला बरेच जण ‘ये है प्रेम’ या हिंदी अल्बममुळे ओळखतात. ‘गारवा’ १९९८ चा, म्हणजे कॅसेटच्या जमान्यातला. टेप पुढे पळवून नेमकं गाणं पकडणं जिकिरीचं, त्यामुळे कविता आपसूक ऐकली जायची. आता फोनवर अंगठा लगेच पुढे सरकवतो. एकदा तसं करून बघाच. चाल तितकीच गोड लागते, पण उरतं फक्त एक पाऊसगाणं. हुश्श वाटणं गायब!

इंग्रजी ऐकणाऱ्यांना आयर्लंडच्या डेमियन राइसचा ‘ओ’ (२००२) आठवेल. गिटार, चेलो आणि कानाशी बोलल्यासारखा आवाज. त्याचं ‘द ब्लोअर्स डॉटर’ ‘क्लोजर’ सिनेमात (२००४) वाजलं आणि जगभर पोचलं. राइस स्वतःच लिहितो, स्वतःच गातो. इथे काम दोघांत वाटलंय. बोलणारा थकलेला, गाणारा ताजातवाना. मला विचाराल तर हे जास्त भारी आहे. (सगळीच गाणी सारखी जमलीत असं मात्र नाही, एक-दोन अंमळ गुळचट आहेत.)

रूममेट गावी गेला असेल तर हेडफोन नकोच. छोटा स्पीकर घ्या, आवाज पंख्याच्या घरघरीपेक्षा जेमतेम वर ठेवा आणि खिचडीचा कुकर चढवा. पहिल्या शिट्टीच्या आसपास ढग येतो.